वाचक विचारतात : रॉन लँकेस्टर, तीन डाउन आणि डगमगणारा चेंडू

गेल्या अंकात रॉन लँकेस्टर (१९३८–२००८) यांच्यावर एक पानाचं टिपण दिलं होतं. कॅनेडियन फुटबॉलमधले नावाजलेले क्वार्टरबॅक (संघाचा डाव चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) आणि नंतर त्याच लीगमधले प्रशिक्षक, एवढी त्यांची ओळख त्यात होती. हा खेळ आपल्या पायाने खेळायच्या फुटबॉलचा नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा पुढे फेकायचा, अमेरिकन फुटबॉलचा हा सख्खा चुलतभाऊ. टिपण छोटं, पण पत्रं बरीच आली, त्यातली निम्मी शाळेच्या क्रीडाशिक्षकांची. सारख्या प्रश्नांची मोट बांधून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मैदान ११० यार्डांचं असं लिहिलं होतं. यार्डात आमचं डोकं चालत नाही, एकरात सांगा. आणि ते 'तीन डाउन' म्हणजे काय बॉ?
— एक शेतकरी वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : एका गोलच्या रेषेपासून दुसऱ्या गोलच्या रेषेपर्यंत ११० यार्ड लांबी, ६५ यार्ड रुंदी. म्हणजे साधारण १०० मीटर बाय साडेएकोणसाठ मीटर, जवळपास दीड एकर. दोन्ही टोकांना गोलच्या रेषेमागचे २०-२० यार्डांचे पट्टे, म्हणजे एंड झोन, वेगळे. ते धरले तर बरोबर दोन एकरांचं वावर होतं. लीगने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या बदलांप्रमाणे २०२७ पासून मैदान १०० यार्डांचं आणि एंड झोन १५ यार्डांचे होणार आहेत, तेव्हा ते पावणेदोन एकरांवर येईल. लँकेस्टर यांचा सगळा खेळ मात्र जुन्या, मोठ्या मैदानावरचा.

प्रत्येक बाजूला १२ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना १० यार्ड पुढे जाण्यासाठी तीन संधी मिळतात, त्या संधीला डाउन म्हणतात. १० यार्ड झाले की पुन्हा नव्याने तीन. अमेरिकेत हीच संधी चार वेळा मिळते आणि तिकडे खेळाडू ११. हा एका डाउनचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण क्वार्टरबॅकचं सगळं गणित त्यावर फिरतं.

कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' होते, तसंच काहीसं इथे आहे. फरक एवढाच की इथे तिसऱ्या डाउनला बहुतेक संघ जोखीम घेतच नाहीत. ते चेंडू लाथेने लांब उडवून देतात किंवा गोलच्या खांबांमधून मारून ३ गुण घेतात. म्हणजे खरोखर खेळायच्या संधी दोनच. पहिल्या डाउनला पाच-सहा यार्ड मिळाले तर दुसऱ्याला पळायचं की फेकायचं हे शेवटपर्यंत लपवता येतं. पहिल्यात एक-दोनच मिळाले तर पुढचा डाव पास आहे, हे प्रेक्षकांतल्या लहान पोरालाही कळतं, मग बचाव करणाऱ्यांना कळणारच. क्वार्टरबॅकची परीक्षा पहिल्या डाउनला असते असं जाणकार म्हणतात ते यामुळे.

अपवाद एकच : तिसरा डाउन आणि फक्त एक यार्ड बाकी. बचावाच्या रांगेला चेंडूपासून एक यार्ड मागे उभं राहावं लागतं. त्यामुळे क्वार्टरबॅकने चेंडू छातीशी दाबून सरळ घुसायचं, आणि बहुतेक वेळा ते जमतं.

गुण : टचडाउनला (चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये पोचवला की) ६, त्यानंतरच्या जादा प्रयत्नाला १ किंवा २, फील्ड गोलला (खांबांमधून लाथ) ३, सेफ्टीला (चेंडूवाल्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडवलं की) २. कॅनडाची खास भर म्हणजे एका गुणाचा 'रूज'. लाथेने मारलेला चेंडू एंड झोनमध्ये गेला आणि तिथल्या खेळाडूला तो बाहेर काढता आला नाही, तर मारणाऱ्याला १ गुण. हा नियमही २०२६ पासून थोडा आवळला आहे.

प्रश्न : १९६६ ची फायनल 'रफरायडर्स विरुद्ध रफ रायडर्स' अशी छापली आहे. छपाईची चूक का?
— एक वाचक, वणी

उत्तर : चूक नाही. नऊ-दहा संघांच्या लीगमध्ये दोन संघांची नावं जवळजवळ एकच होती : सस्कॅचवान रफरायडर्स आणि ओटावा रफ रायडर्स. लँकेस्टर दोघांकडूनही खेळले, त्यामुळे गोंधळ वाढतो. ओटावाचा तो क्लब १९९६ च्या हंगामानंतर बंद पडला. सस्कॅचवानचा अजून आहे आणि तो कुणा शेठजीच्या नव्हे, गावकऱ्यांच्या मालकीचा आहे. (सस्कॅचवान म्हणजे तोच प्रांत, जिथला मसूर आणि पिवळा वाटाणा आपल्या बाजारात उतरला की तूरवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात.)

प्रश्न : लँकेस्टर यांनी ३३३ टचडाउन पास दिले आणि ३९६ वेळा त्यांचा चेंडू विरोधकांनी पकडला, असं टिपणात आहे. कमाईपेक्षा नुकसान जास्त असलेला माणूस थोर कसा?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी आकडे पूर्ण घ्या. १९ हंगामांत ६,२३३ वेळा फेकलं, ३,३८४ वेळा आपल्या माणसाने झेललं, एकूण ५०,५३५ यार्ड. कॅनेडियन लीगमध्ये ५० हजारांचा आकडा ओलांडणारे ते पहिले. शंभर फेकींमागे सहाच्या थोडं वर चेंडू विरोधकांच्या हाती गेले. आजच्या क्वार्टरबॅकने हे प्रमाण ठेवलं तर त्याला बाकावर बसवतील. पण तेव्हा पास लांबचे असत. आता पाच-सात यार्डांवरचे छोटे, सुरक्षित पास सर्रास दिले जातात आणि त्यामुळे आकडे देखणे दिसतात. शिवाय त्या काळात डाव कोणता लावायचा हे बहुतांशी क्वार्टरबॅकच मैदानात ठरवत असे. फेक चुकली की निर्णय चुकला, दोन्ही त्याच्याच खात्यावर. टचडाउन आणि इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेली फेक) यांची वजाबाकी करून माणूस मोजणं तिथेच फसतं.

आता कारकीर्द. पेनसिल्व्हेनियात जन्म, ओहायोतल्या विटेनबर्ग या छोट्या कॉलेजात खेळले. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास. अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या दृष्टीने बुटके. १९६० मध्ये ओटावाला गेले आणि पहिल्याच वर्षी संघाने ग्रे कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. पण तिथे रस जॅक्सन हा दुसरा तगडा क्वार्टरबॅक होता आणि दोघांना आलटून-पालटून खेळवलं जाई. अखेर १९६३ मध्ये ओटावाने लँकेस्टरना सस्कॅचवानला देऊन टाकलं, ५०० डॉलरला.

त्याच वर्षीचा एक सामना बघा. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या फेरीत, कॅल्गरीविरुद्ध दोन सामने, दोन्हींचे गुण मिळवून विजेता ठरायचा. पहिल्यात सस्कॅचवान ९–३५ ने हरलं. म्हणजे दुसऱ्या सामन्यात नुसतं जिंकून भागणार नव्हतं, २६ पेक्षा जास्त गुणांनी जिंकायचं होतं. ११ नोव्हेंबर १९६३ ला सस्कॅचवानच्या घरच्या मैदानावर, रेजायना शहरातल्या टेलर फील्डवर, लँकेस्टर यांनी ४९२ यार्डांचे पास दिले, सामना ३९–१२. बेरीज ४८–४७. अशा वेळी जो क्वार्टरबॅक इंटरसेप्शनला घाबरून चेंडू जपत बसेल, तो सामना व्यवस्थित हरेल. २६ गुणांची पिछाडी जपून खेळून भरत नाही.

१९६६ मध्ये व्हँकुव्हरला ग्रे कपची फायनल, समोर ओटावा आणि तोच रस जॅक्सन. मध्यंतराला १४–१४. शेवट २९–१४. लँकेस्टर यांनी तीन टचडाउन पास दिले : जिम वर्डन, ॲलन फोर्ड आणि ह्यू कॅम्पबेल यांना. चौथा टचडाउन जॉर्ज रीड या फुलबॅकने पळून केला. सस्कॅचवानचा हा पहिलाच ग्रे कप. रीडचं नाव इथे महत्त्वाचं. चेंडू त्याच्या पोटात दिल्याचं नाटक करायचं, बचावाची मधली फळी दोन पावलं पुढे खेचायची आणि तिच्या मागच्या मोकळ्या जागेत पास टाकायचा. हे नाटक फक्त त्याच संघाला जमतं, ज्याचा पळणारा खरोखर धोकादायक आहे. रीडने कारकिर्दीत १६,११६ यार्ड पळून काढले, तेव्हा बचावाला पुढे यावंच लागे.

त्यानंतर १९६७, १९६९, १९७२ आणि १९७६ अशा आणखी चार फायनल गाठल्या आणि चारही हरल्या. १९७० मध्ये १६ पैकी १४ सामने जिंकूनही फायनल गाठता आली नाही. १९७६ ची हार सगळ्यात बोचरी. २०–१६ अशी आघाडी होती आणि २० सेकंद उरले असताना ओटावाच्या टॉम क्लेमेंट्सने टोनी गेब्रियलला टचडाउन पास दिला, २३–२०. लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मात्र त्यांना दोनदा मिळाला, १९७० आणि १९७६. दुसऱ्यांदा मिळाला तेव्हा वय ३८.

आमचं मत विचाराल तर ३९६ हा आकडा लपवण्यासारखा नाही, पण त्याच्याशेजारी '१९ हंगाम' हेही लिहिलं पाहिजे. वाईट फेकणाऱ्याला कुणी चारशे चुका करायला मैदानात ठेवत नाही.

प्रश्न : माझी उंची पाच फूट सहा इंच. पुढे सहा-सव्वासहा फुटांचे धटिंगण उभे असताना क्वार्टरबॅकला पलीकडचं दिसतं कसं?
— इयत्ता अकरावी, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : डोक्यांवरून बघायचंच नसतं. सव्वासहा फुटांचा क्वार्टरबॅकही डोक्यांच्या फटींतून बघतो. आपले रक्षक समोरच्याला ढकलतात तेव्हा दोघांमध्ये हात-दीड हाताची गल्ली उघडते आणि बंद होते. बुटक्या क्वार्टरबॅकने एक पाऊल डावी-उजवीकडे सरकून ती गल्ली डोळ्यांसमोर आणायची. दुसरा उपाय म्हणजे चेंडू घेऊन बाजूला धावत सुटायचं, धटिंगण मागे राहतात. ६५ यार्ड रुंदीच्या मैदानात त्याला जागा भरपूर. डग फ्लूटी हा लँकेस्टरएवढ्याच उंचीचा, आणि त्याने लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान सहा वेळा मिळवला.

तू डोळ्यांचा सराव कर. कॅनेडियन खेळात चेंडू सुटण्याआधी मागचे खेळाडू पळू लागले तरी चालतं. चेंडू हातात येण्याआधी बघ : आपला खेळाडू डावीकडून उजवीकडे पळाला तेव्हा बचावातला एक जण त्याच्या पाठोपाठ गेला का? गेला तर प्रत्येकाला एकेक माणूस वाटून दिला आहे. कुणीच हललं नाही, नुसते खांदे वळले, तर जागा वाटून घेतल्या आहेत. पहिल्या प्रकारात वेगाने वळणारा आपला माणूस मोकळा होतो. दुसऱ्यात दोन जागांच्या मधल्या फटीत जो थांबेल तो. एवढं एक वाचन जमलं तरी निम्मं काम झालं. कुठल्याही सामन्याचा व्हिडिओ लाव, चेंडू सुटायच्या क्षणी थांबव, अंदाज वहीत लिही, मग पुढे चालव.

प्रश्न : मुलांसाठी दोन चेंडू आणले. क्रिकेटचा थ्रो कडक असणारी पोरंही हा चेंडू फेकतात तेव्हा तो हवेत लटपटतो, वीस मीटरही जात नाही. काय चुकतं?
— क्रीडाशिक्षक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : थ्रो कडक असणाऱ्यांचंच जास्त चुकतं. सीमारेषेवरून फेकताना कोपर खाली आणि हात बाजूने येतो. हा चेंडू तसा फेकला की तो स्वतःभोवती फिरत नाही, आडवा होतो आणि वारा त्याला थोबाडतो.

आधी चेंडू तपासा. मोठ्यांच्या चेंडूचा लांबीकडचा घेर २८ इंच, पोटाचा २१ इंच, वजन ४०० ते ४२५ ग्रॅम. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या पंज्यात हा बसत नाही, मग तो तळहाताने ढकलतो. त्यांना ज्युनियर मापाचाच द्या. हवा १३ पौंड. सुई ओली केल्याशिवाय घालू नका, व्हॉल्व्ह फाटतो. सकाळी २५ अंशांत १३ पौंड भरलेला चेंडू दुपारी ४५ अंशांच्या उन्हात पडला तर आतला दाब सुमारे दोन पौंडांनी वाढतो. चेंडू दगडासारखा होतो आणि बोटांतून निसटतो. सावलीत ठेवा.

पकड : अनामिका आणि करंगळी लेसवर (चेंडूवरच्या शिवणीच्या दोरीवर), मधलं बोट लेसच्या कडेला, तर्जनी मागच्या टोकाकडे सरकवलेली, अंगठा खालून. तळहात आणि चेंडू यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट आरपार जाईल एवढी फट हवी. ही फट नसणं हे लटपटण्याचं पहिलं कारण. पोरांना रांगेत उभं करून प्रत्येकाच्या पंज्यातून बोट घालून बघा, दहातल्या सात जणांचं अडेल.

फेक : चेंडू दोन्ही हातांत, छातीच्या उजव्या बाजूला. डावा खांदा लक्ष्याकडे. वजन मागच्या पायावर. डाव्या पायाने लक्ष्याच्या रेषेत छोटं पाऊल, वीतभर, ढांग नाही. आधी कंबर फिरते, मग खांदा, मग कोपर. कोपर खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर. चेंडू कानाजवळून निघतो, सर्वात शेवटी तर्जनी सुटते. हात खाली आला की अंगठा जमिनीकडे आणि पंजा डाव्या खिशाकडे. अंगठा आकाशाकडे राहिला तर चेंडू फिरलाच नाही असं समजा.

चूक ओळखायची ती चेंडू कुठे जातो यावरून. डोक्यावरून गेला तर तो लवकर सुटला किंवा वजन मागच्याच पायावर राहिलं. पायाशी आपटला तर उशिरा सुटला. ताकद लावूनही मेला तर पाऊल लक्ष्याच्या बाजूला पडतंय, कंबर आधीच उघडते आणि सगळा भार एकट्या हातावर येतो. ही शेवटची चूक दुर्लक्षू नका, कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं तिथून सुरू होतं. दुखलं की त्या दिवशी फेक बंद.

सरावाचा क्रम असा ठेवा. दोघे समोरासमोर सात मीटरवर, उजवा गुडघा टेकून, वीस फेकी. पाय बाद झाल्यामुळे फक्त मनगट आणि कोपर दिसतात. मग उभं राहून पाय न हलवता, दहा मीटर, वीस फेकी. मग तीन पावलं मागे : उजवा, डावा त्याच्यावरून आडवा, उजवा रोवला, की लगेच फेक. पंधरा मीटर, वीस फेकी. एका दिवशी साठ-सत्तरच्या वर नको, आणि आठवड्यातून तीन दिवस पुरे. नेम बसवायला निंबाच्या फांदीला मोटारसायकलचा जुना टायर छातीच्या उंचीला टांगा. टायर हलता ठेवला तर आणखी चांगलं, कारण झेलणारा कधी उभा नसतो. चेंडू तो जिथे आहे तिथे नव्हे, जिथे पोचणार तिथे टाकायचा.

प्रश्न : एवढा हुशार खेळाडू प्रशिक्षक झाल्यावर दोन वर्षांत २८ सामने हरतो आणि तेरा वर्षांनी त्याच लीगमध्ये कप जिंकतो. मधल्या काळात असं काय शिकले?
— एक वाचक, अचलपूर

उत्तर : १९७८ चा हंगाम संपला आणि लँकेस्टर खेळाडूचे थेट मुख्य प्रशिक्षक झाले, मधली एकही पायरी न चढता, आणि तेही त्याच संघाचे. १९७९ मध्ये २–१४, १९८० मध्ये पुन्हा २–१४, मग गच्छंती. दोष सगळा त्यांचा धरता येत नाही. रीड निवृत्त होऊन गेला होता, संघ म्हातारा झाला होता आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे संघाकडे आता लँकेस्टर नावाचा क्वार्टरबॅक नव्हता. त्यांच्या जाण्यानंतरही सस्कॅचवानला प्लेऑफ गाठायला १९८८ उजाडलं. तरीही नुकताच निवृत्त झालेला मोठा खेळाडू प्रशिक्षक म्हणून जी चूक करतो ती ठराविकच असते : जे त्याला दिसतं ते समोरच्याला दिसतंय असं तो धरून चालतो. 'मोकळा माणूस बघ' हे सांगणं नव्हे. 'आधी उजवा सेफ्टी (बचावाचा सर्वांत मागचा खेळाडू) बघ, तो मागे गेला तर आखूड पास, पुढे आला तर लांब' हे सांगणं.

त्यानंतर दहा वर्षं ते सीबीसी या वाहिनीवर सामन्यांचं विश्लेषण करत होते. आमच्या मते खरं शिक्षण ते. एका संघाऐवजी सगळे संघ, वरून, दर आठवड्याला, आणि जे झालं ते घरी बसलेल्या सामान्य माणसाला काही सेकंदांत समजेल असं सांगायचं. प्रशिक्षकाला सामन्यात दोन डावांच्या मध्ये एवढाच वेळ मिळतो.

१९९१ मध्ये एडमंटनने त्यांना बोलावलं. बोलावणारा व्यवस्थापक ह्यू कॅम्पबेल, १९६६ च्या फायनलमध्ये ज्याने त्यांचा पास झेलला तोच. एडमंटनला सात हंगाम काढले आणि एकाही हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त झाले नाहीत. १९९३ ला ग्रे कप, विनिपेगविरुद्ध ३३–२३. तेव्हाचा क्वार्टरबॅक डेमन ॲलन, ज्याने पुढे लँकेस्टर यांचाच यार्डांचा विक्रम मोडला.

१९९८ मध्ये हॅमिल्टनला गेले. आदल्या वर्षी त्या संघाने १८ पैकी २ सामने जिंकले होते. लँकेस्टर आले त्याच वर्षी क्वार्टरबॅक डॅनी मॅकमॅनस आणि झेलणारा डॅरेन फ्लूटी हेही एडमंटनहून तिथे आले. नवा संघ बांधताना आपल्या पद्धतीत मुरलेली एक तयार जोडी मिळाली की शिकवण्याची मेहनत निम्मी होते, उरलेले त्यांचं बघून शिकतात. पहिल्याच वर्षी १२ विजय, ५ पराभव, एक बरोबरी आणि फायनल. ती शेवटच्या किकवर २४–२६ अशी गेली. पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, त्याच कॅल्गरीला ३२–२१ ने हरवून कप.

आलेख वरच राहिला असं मात्र नाही. २००३ मध्ये क्लबचं दिवाळं वाजलं, लीगला कारभार हाती घ्यावा लागला आणि संघ १–१७ वर आपटला. त्यानंतर त्यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडलं, फक्त २००६ मध्ये काही काळ हंगामी म्हणून परतले. साखळी सामन्यांतले एकूण विजय १४२. १८ सप्टेंबर २००८ ला हॅमिल्टनमध्येच त्यांचं निधन झालं.

प्रश्न : आश्रमशाळेत २४ मुलं-मुली आहेत, हेल्मेट-पॅडचा खर्च झेपणारा नाही. तरी हा खेळ शिकवता येईल का?
— शिक्षक, धारणी (जि. अमरावती)

उत्तर : अंगावर पाडापाडीचा प्रकार हेल्मेटशिवाय अजिबात नको. त्याऐवजी फ्लॅग फुटबॉल शिकवा. कंबरेला पट्टी असते, ती ओढली की पळणारा बाद. पाच विरुद्ध पाच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे, मुलींचाही.

मैदान ५० यार्ड लांब, २५ रुंद, दोन्ही टोकांना १० यार्डांचे एंड झोन. म्हणजे ६४ बाय २३ मीटर, साडेचौदा गुंठे. फक्की मारायच्या रेषा : दोन गोलच्या रेषा, मधली रेषा, आणि मधल्या रेषेच्या व गोलच्या रेषांच्या अलीकडे पाच यार्डांवर एकेक. या पाच यार्डांच्या पट्ट्यात पळायची मनाई, पासच द्यायचा. मधली रेषा ओलांडायला चार डाउन, ती ओलांडली की टचडाउनला पुन्हा चार. बचावातल्या ज्याला क्वार्टरबॅकवर धावून जायचं असेल त्याने चेंडूपासून सात यार्ड मागून निघायचं. क्वार्टरबॅकने स्वतः चेंडू घेऊन रेषा ओलांडायची नाही, म्हणजे वाचन आणि फेक यांनाच खरा भाव.

पट्ट्या जुन्या ओढणीच्या कापडाच्या चालतील, दोन बोटं रुंद, ४० सेंटिमीटर लांब. खोचायच्या, गाठ मारायची नाही. गाठ मारली की ओढणारा पोराला घेऊनच पडतो. खिसे असलेली पँट नको. ओढायला गेलेल्याचं बोट खिशात अडकून मुरगळतं, हा या खेळातला नेहमीचा अपघात. खिसा असलाच तर चिकटपट्टी लावा.

काळ्या मातीचं मैदान असेल तर दिवाळी ते होळी हा हंगाम धरा. पावसात ती चपलेसकट पाय धरून ठेवते, उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत घोटा जातो. खेळायच्या आधी सगळ्यांना एका रांगेत चालवून सराटे वेचून घ्या. एक सराटा चेंडूचं ब्लॅडर फोडायला पुरेसा आहे आणि तिकडे बदली ब्लॅडर मिळणार नाही.

२४ जणांचे पाच-पाचचे चार गट, उरलेले चौघे पंच आणि डाउन मोजणारे, दर दहा मिनिटांनी बदली. मोजणाऱ्यालाच खेळ सर्वांत लवकर कळतो. सुरुवातीला तीनच डाव शिकवा : पाच यार्डांवर थांबून वळणं, पाच यार्डांवर आडवं कापणं, सरळ लांब पळणं. क्वार्टरबॅकने बघायचा क्रम कायम एकच, आखूड, मधला, लांब. आणि तोंडाने मोठ्याने 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजायचं. तिसऱ्याला चेंडू हातात राहिला तर तो डाव फुकट. हा एक नियम लावला की हिरोगिरी आपोआप थांबते.

प्रश्न : सरावात दोन मुलांची डोकी आपटली. बेशुद्ध कोणी पडलं नाही. लगेच खेळू द्यावं का?
— पालक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. मेंदूला मार लागायला बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. गरगरणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, उजेड नकोसा होणं, डोकं जड होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाचा खेळ संपला आणि डॉक्टरांना दाखवायचं. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, एक बाहुली मोठी दिसणं किंवा हाक मारूनही नीट जाग न येणं असेल तर वाट न बघता १०८ ला फोन. परत खेळायला डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने आणायचं : आधी आराम, मग चालणं, मग हलकं पळणं, मग एकट्याने चेंडूचा सराव, सर्वांत शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास परतला तर एक पायरी मागे. पोरगं 'काही नाही, मी ठीक आहे' म्हणेलच, ते पुरावा म्हणून धरू नका.

प्रश्न : हे सामने आपल्याकडे किती वाजता पडतात?
— एक वाचक, पुसद

उत्तर : हंगाम जून ते नोव्हेंबर. टोरांटो-हॅमिल्टनकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला. सस्कॅचवान घड्याळ पुढे-मागे करत नाही, त्यामुळे रेजायनाचा संध्याकाळी ७ चा सामना वर्षभर सकाळी साडेसहाला, म्हणजे दूध काढून झाल्यावर आरामात बघता येतो. ग्रे कपची फायनल नोव्हेंबरातल्या रविवारी असते. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट असते.